शेवटलं वावर

चळवळीतून निवृत्त होता येत नाही, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. शाळेतून झाले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मुख्याध्यापकांनी माझ्याविषयी मलाच माहीत नसलेल्या चांगल्या गोष्टी सांगितल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सावकाश दुसरा चहा प्यायले. चळवळीला अशी शेवटची घंटा नसते. फोन वाजतो, पलीकडून कोणीतरी म्हणतं, "बाई, उद्या जमायचंय." मी म्हणते, गुडघा फार दुखतो हो. तर म्हणतात, "बसूनच तर राहायचंय."

बसूनच राहिले मी. धुळ्याला कलेक्टर कचेरीसमोर, साक्रीला तहसीलसमोर, नदीच्या पात्रात वाळूच्या ट्रॅक्टरांसमोर. कुठल्या सतरंजीला ढेकूण आहेत हेसुद्धा मला पाठ झालं होतं. एके काळी आमच्या गटाने एसटीची अर्धी गाडी भरायची. आता एका रिक्षात मावतो आणि वर पाय पसरायला जागा उरते. काही वारले, काही मुलांकडे पुण्याला गेले, एक जण पक्षात गेला आणि आता आमची निवेदनं स्वीकारतो. आमचे हे घरात बसून विचारतात, "आज कोणाला वाचवायला?" पूर्वी मी या प्रश्नावर भांडायचे. हल्ली डबा भरता भरता नुसतं "पांझरेला" म्हणते.

पांझरा नदीच्या काठचं एक गाव माझं सासर. गावाच्या वर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो आणि पाटाखाली फड. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं, कारण आता गावातल्या तरुणांनाही सांगावं लागतं. फड म्हणजे सगळ्यांच्या वावरांचा एकत्र पट्टा. गावाचे असे चार फड, प्रत्येक घराचा तुकडा चारही फडांत, आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. नदीला पाणी कमी असलं तर एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा झाला तर बठ्ठ्यांचा, सगळ्या गावाचा, एकट्याचा नाही. आणि पाण्याला मालकाने हात लावायचा नाही. पाणी भरायला गावाने नेमलेला पाटकरी असतो. तो देईल तेवढं घ्यायचं आणि बांधावर गप्प बसायचं.

आणखी एक रीत होती. पाणी वरून खाली येत असलं तरी भरायला सुरुवात खालून व्हायची. पाट जिथे संपतो तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे. दगडाशेजारचं वावर ते शेवटलं वावर, आणि पहिलं पाणी त्याला. मग तिथून वर वर सरकत बंधाऱ्याजवळच्याला सगळ्यांत शेवटी. वरच्याच्या तर दारातूनच पाणी जातं, त्याला घाई कसली. पहिल्या दिवशी पाटकरी दगडापाशी उभा राहून मोठ्याने विचारतो, "शेवटला कोन?" त्या वावराचा मालक उत्तर देतो, "मी शेवटला." मग नारळ फुटतो आणि पाणी सुरू होतं.

लग्नानंतर पहिल्या वर्षी मी हे पाहिलं आणि पदराआड हसले. माझं माहेर चोपड्याकडचं, केळीचं. आमच्याकडे ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी. जिवात जीव असेपर्यंत आमच्या भाऊबंदांतला एकही माणूस चार लोकांत "मी शेवटचा" असं म्हणणार नाही. इथे एक धिप्पाड माणूस छाती पुढे काढून तेच ओरडत होता. तो माणूस म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांच्यानंतर तो मान त्यांच्या मुलाकडे आला. या चुलत दिरांना मी नाना म्हणते आणि ते मला मास्तरीन.

मग घरोघरी बोअर झाले आणि फडाचं कोणाला अप्रूप राहिलं नाही. ज्याने त्याने आपापलं पीक घेतलं. पाट गाळाने भरला, पाटात वेडी बाभूळ माजली, शेंदूर लावलेल्या दगडावर कपडे वाळत पडू लागले. पुढे बोअरनीही दम सोडला. मग गावाला बंधारा आठवला, आणि बंधाऱ्याबरोबर मी आठवले.

पाट मोकळा करायचं ठरलं तेव्हा नानांनीच मारुतीच्या पारावर उभं राहून सांगितलं होतं, "जो टिकाव मारी, त्याले पानी." टाळ्या पडल्या. पहिल्या दिवशी अख्खं गाव आलं. कॉलेजची पोरं आली, त्यांनी घमेली डोक्यावर घेऊन फोटो काढले, एक पुढारी पांढऱ्या कपड्यांत येऊन एक फावडं माती उचलून गेला. नव्याचे नऊ दिवस. उन्हं तापली तसे घरटी एक माणूस आला, मग एक दिवसाआड आला, मग निरोप यायला लागले, की कापसाचं बघायचंय, साखरपुडा आहे, कंबर धरली आहे. शेवटी पाटात रोज दिसायचे ते आमच्या गटातले दोनचार म्हातारे, नाना, आणि नाल्यापलीकडच्या वस्तीतले भिल्ल.

त्या वस्तीची जमीन दगडाच्या खाली, नाल्याच्या पलीकडे. सरकारने त्यांच्या आजोबांना दिलेली मुरमाड पट्टी. फडात तिला कधी जागा नव्हती. पावसावर बाजरी-मका व्हायचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची गाडी येऊन वस्ती उचलून न्यायची, बारडोलीकडे ऊसतोडीला. वस्तीत उरायचे म्हातारे, कुत्री आणि कुलपं. वस्तीतली एक अक्का माझ्या ओळखीची. खूप वर्षांपूर्वी वनहक्काच्या मोर्चात आम्ही दोघी धुळ्यापर्यंत चालत गेलो होतो. माझ्या पायाला फोड आले तेव्हा तिने रुईचं पान गरम करून बांधलं होतं, आणि वर म्हणाली होती, "बाई, तुमना पाय शायना शेतस, वाटना नहीत." पाय शाळेचे आहेत, वाटेचे नाहीत. माझ्याविषयी इतकं खरं मुख्याध्यापकांनाही बोलता आलं नाही.

ही अक्का, तिचा मुलगा, सून, सगळे पाटात उतरले. बाभळीची खोडं त्यांनी काढली, नाल्यावर सिमेंटचे पाइप टाकून पाट पलीकडे त्यांच्या पट्टीपर्यंत त्यांनी नेला. गावानेही नको म्हटलं नाही. दुपारी भाकरी खाताना अक्का मला म्हणाली, "औंदा पानी भेटनं तं हाऊ जावाव नही." हाऊ म्हणजे तिचा मुलगा. तो राहिला तर सून राहणार, नात शाळेत राहणार. दरवर्षी दिवाळीला त्या मुलीचं नाव हजेरीत असायचं आणि मुलगी उसाच्या फडात. एकाच शब्दाचे हे दोन फड, एक बांधणारा आणि एक उचलून नेणारा, आणि मला त्या दिवशी वाटलं की या वर्षी तरी पहिला जिंकेल. मी थकले होते, पण तेवढं वाटण्याइतकी शिल्लक होते.

पोळा झाल्यावर बैठक बसली. पाऊस बरा झाला होता, बंधारा भरून वाहत होता, पाट तयार होता. नाना उठले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "आमनं भरीसन जे पानी उरी, ते बठ्ठं वस्तीनं." लोकांनी माना डोलावल्या. गावाने इतकं दिलेलं मीही पूर्वी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मागे बायकांत बसलेली अक्का उभी राहिली.

"उरेल नको," ती म्हणाली, उरलेलं नको. "आमले शेवटला म्हना."

कोणीतरी हसलं. शेवटचं म्हणवून घ्यायला भांडणारी बाई गावाने पाहिली नव्हती. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं आणि हसू थांबलं. पाट आता नाल्यापलीकडे संपतो, तर शेवटलं वावर वस्तीचं. शेवटलं वावर वस्तीचं, तर पहिलं पाणी वस्तीचं. उरलेलं पाणी द्यायला गाव तयार होतं. पहिलं पाणी भिल्लांना द्यायचं, आणि तेही गावाच्याच रीतीने, हे घशाखाली उतरेना. अक्काचं म्हणणं सरळ होतं. उरलेल्या पाण्यावर कोणी पेरत नाही. उरलं तर उरलं, नाहीतर बी मातीत गेलं. घरी थांबायचं तर भरवसा हवा, आणि या गावात भरवसा एकालाच असतो, शेवटल्याला.

"दगड जठे शे, तठेच शेवट," एक जण म्हणाला. "मग पाट पलीकडे का नेऊ दिला?" मी विचारलं. "ते माणुसकीखातर," तो म्हणाला. माणुसकीला पाइप चालतात आणि दगड हलवायचा म्हटलं की जड होतो. मी हे तिथेच बोलून दाखवलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. बोलून घ्यायची सवय माझी, ऐकून घ्यायची गावाची. पालथ्या घड्यावर पाणी.

बैठकीनंतर नानांच्या ओट्यावर चहा झाला. मी म्हटलं, "नाना, तुमचं पाणी फार तर दोनेक दिवस मागे जाईल. तुम्हीच तर टिकावाचं बोलला होता."

"पानीनं नही, मास्तरीन," ते म्हणाले. "मना आजा शेवटला, मना बाप शेवटला. आते मी काय शेवटथीन दुसरा?"

शेवटून दुसरा हे ऐकून मला हसू आलं आणि त्यांना नाही आलं. बशीतला चहा तसाच धरून ते अंगणाकडे पाहत राहिले. मला त्यांचा राग येईना. हाच माणूस उन्हात आमच्याबरोबर गाळ उपसत होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो दगड कपडे वाळत घालायचा झाला होता आणि त्याने तो पुन्हा धुऊन शेंदूर लावला होता. आता त्याच दगडाने त्याला मागे ढकलायचं. दुसऱ्या गावाचा पाटील असता तर मी त्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या असत्या. इथे आपलेच दात, आपलेच ओठ.

आमच्या गटात एक निवृत्त वकील आहेत. त्यांना मध्यम मार्ग फार सुचतात. त्यांनी सुचवलं की दगड तिथेच राहू द्यावा, वस्तीला "विशेष लाभार्थी" म्हणावं आणि पाण्याची पाळी सामोपचाराने ठरवावी. सामोपचार म्हणजे काय हे अक्काने विचारलं. वकिलांनी समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे उरेल."

दसऱ्याच्या आधी पुन्हा बसलो. पुन्हा तेच. मी धुळ्याहून सकाळची एसटी धरायची, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि संध्याकाळी त्याच खिडकीतून तीच बाभळीची रांग पाहत परतायचं. कोणी चिडून बोललं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. सगळे म्हणत होते, घाई काय आहे, दिवाळीनंतर शांतपणे बसू. घोंगडं भिजत पडलं. मी हात जोडून सांगितलं की मुकादमाची गाडी दिवाळीनंतर थांबत नाही, बी आत्ता घ्यायला हवं, आत्ता शब्द हवा. "वहिनी, तुम्ही लई मनावर घेतस," गावातला एक दीर प्रेमाने म्हणाला. इतक्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त या वाक्याने दमवलं आहे.

गाडी भाऊबीज उलटताच आली. मी त्या सकाळी नेमकी गावातच होते. हंडे, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, एक शेळी, त्यावर माणसं. अक्काची नात दप्तर घेऊन चढली होती. ते घरी ठेव म्हटलं तर रडली असती, म्हणून आईने राहू दिलं होतं. अक्काचा मुलगा मला पाहून खाली उतरला. "बाई, पानीनं काय व्हयनं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बसणार आहेत पुन्हा. "बरं," तो म्हणाला. त्याने मला शिवी दिली असती तर घरी जाऊन झोपता आलं असतं. त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि गाडीत चढला. मला तिथल्या तिथे सगळ्याचा वीट आला, गावाचा, रीतीचा, बैठकांचा, माझ्या स्वतःच्या आवाजाचा.

अक्का मागे राहिली. म्हाताऱ्यांना मुकादम नेत नाही. तिने पट्टीच्या एका कोपऱ्यात कुदळीने माती हलवून मूठभर हरभरा टोचला. बाकीची पट्टी नांगराशिवाय पडून राहिली.

दिवाळीनंतर गाव शांतपणे बसणार होतं, ते काही झालं नाही; लग्नांच्या तिथी निघाल्या. बैठकीशिवायच पाणी सोडायचा दिवस ठरला. मला फोन आला, "बाई, यायचं बरं का, तुमचाच कार्यक्रम आहे." मी आमच्या यांना म्हटलं, आता जात नाही. मग पट्टा बांधला आणि गेले.

सकाळी बंधाऱ्याचं दार उघडलं. पाटकरी पाण्याच्या पुढे पुढे चालत होता, पाटातला पाचोळा काठीने काढत. मागून पाणी यायचं, गढूळ, फेस आणि काड्या घेऊन, जरा थांबायचं, पुन्हा निघायचं. इतक्या वर्षांनी पाटात पाणी पाहून बायकांनी हात जोडले. मीही जोडले. माझा देवावर फार विश्वास नाही, पण हात आपोआप जोडले गेले आणि मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

पाणी दगडापाशी आलं. तिथे नाना उभे होते, धुतलेलं धोतर, टोपी, हातात नारळ. पाटकऱ्याने काठी टेकली आणि रीतीप्रमाणे विचारलं,

"शेवटला कोन?"

नानांनी छाती भरून घेतली. तेवढ्यात नाल्याच्या पलीकडून आवाज आला, फार मोठा नाही, दमलेला.

"मी शेवटली."

अक्का आपल्या हरभऱ्याच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्यामागे सगळी पट्टी रिकामी होती. पाणी दगडापाशी तुंबून वर चढायला लागलं होतं. पाटकऱ्याने नानांकडे पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं, "शेवटला कोन?"

नानांना "मी" म्हणायचं होतं. त्यांनी पलीकडच्या त्या एकट्या बाईकडे पाहिलं, तिच्या मागच्या कुलूपबंद घरांकडे पाहिलं. नारळ त्यांनी दगडावर ठेवला, फोडला नाही, आणि लिंबाखाली जाऊन बसले. नंतर मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "तिनी सांगं. आते मी काय सांगू?"

पाटकऱ्याने पाणी पुढे सोडलं. पाइपांतून ते नाल्यापलीकडे गेलं. मी चिखलातून चपला हातात घेऊन पलीकडे पोचले तेव्हा हरभऱ्याचा कोपरा भरून झाला होता आणि पाटकरी अक्काला विचारत होता, बाकीचं पेरलेलं नाही, मग दार बंद करू का?

"भर," अक्का म्हणाली. "बठ्ठं भर."

मग ती माझ्याकडे वळली. "बाई, फोन लावा. हाऊले सांगू द्या."

मी तिच्या मुलाला फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. पलीकडे ट्रॅक्टर चालू होता, कोणीतरी कोणाला हाका मारत होतं.

"बेटा, पानी उनं," पाणी आल्याचं अक्काने सांगितलं. "शेवटला आपुन शेतस."

"कितलं शे?" त्याने विचारलं.

"वावर भराई ऱ्हायनं."

"माय, गाडी फागुनमा ई," तो म्हणाला. गाडी फाल्गुनात परत येणार, ऊसतोड संपल्यावर. "तोपावत पानी धरी ठेव."

"धरी ठेवस," ती म्हणाली आणि फोन पदराने पुसून मला परत दिला.

मुरमाड जमीन पाणी फार वेळ वर ठेवत नाही. आमच्या समोर ते पसरत होतं आणि आमच्या समोरच आत जात होतं, आणि दुपारपर्यंत तिथे नुसता काळपट ओलावा उरणार होता. अक्का बांधावर बसली. मला दुसरं काही येत नाही. मीही तिच्याजवळ बसले.